आठ हजार ऐंशी

विडी घरकुलातल्या आमच्या खोलीत
दुपारी दीडला पत्रा कडकड वाजतो.
लॅपटॉपखाली पिळून घेतलेला टॉवेल,
कोंड्यालशेठच्याच कारखान्यातला, सेकंडचा माल,
एका कडेचा दोरा सुटलेला.
मी हिरव्या बाणावर क्लिक करते
आणि टॉमकॅट उठायला लागतो,
आधी खाकरून, मग एकेक ओळ बोलून.

कन्सोलवर अक्षरं पळतात.
मी वाचत नाही, रंग बघते.
लाल आलं की वरचं सगळं सोडून
खाली जायचं, अजून खाली,
खरं कारण तळाशी असतं.
हे कॉलेजात कळलं नव्हतं.
तिथं तिघींत एक मशीन होतं
आणि तिसरी मी.

आज लाल थोडंच आहे. एकच वाक्य:
पोर्ट आठ हजार ऐंशी आधीच वापरात आहे.

कोण वापरतंय?
घरात मी आणि आई.
काल रात्री मी सर्व्हर बंद केला होता,
म्हणजे खिडकी बंद केली होती.
खिडकी लावली म्हणून
आतलं माणूस उठून जात नाही.

आई भिंतीला टेकून झोपलीय.
तिचं सूप गेल्या वर्षीच माळ्यावर गेलं,
डॉक्टरांनी तंबाखूजवळ बसू नका म्हटल्यावर.
पण बोटं चालू आहेत.
पान नाही, जर्दा नाही, दोरा नाही,
तरी वळतात, तोंड मुडपतात, बाजूला ठेवतात.
मी एकदा मोजलं होतं,
एका डुलकीत तेवीस.

प्रोसेसचा नंबर सापडला,
सोळा हजार चारशे काहीतरी.
मारायची कमांड लिहिली
आणि एंटर दाबायला
उगाच वेळ लावला.

आता चालतंय.
साईज, रंग, वजन, नग,
सेव्ह केलं की डझनांचा हिशोब आपोआप.
मागच्या सोमवारी हे पहिल्यांदा उघडलं तेव्हा
आनंदाच्या भरात शेठना लिंक पाठवली:
लोकलहोस्ट, आठ हजार ऐंशी, तिरकी रेघ, टॉवेल.
पाच मिनिटांत फोन.
"श्रीलता, उघडीना की काय बी!
पोचता येत नाही म्हणायलंय."
मी म्हटलं, शेठ, हा पत्ता ज्याच्या त्याच्या घराचा असतो.
तुम्ही तिकडून हाक मारली
तर तो तुमच्याच फोनमध्ये शोधणार.
ते जरा गप्प.
"म्हंजे चालायलंय, पण तुझ्यापुरतं."
हो.
"आमचे माग बी दोन वर्षं तसेच चालायलेत,"
म्हणाले, आणि हसले की खोकले
ते रेंजमुळे कळलं नाही.

तीनला लाईट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले
आणि त्या शांततेनं आई जागी झाली.
लॅपटॉप बॅटरीवर होता, वायफाय गेलेलं,
पान मात्र तसंच उघडं.
ह्याला बाहेरचं कुणी लागत नाही.

"चाललं का गं?"
चाललं.
"कुठं?"
इथंच.

ती सरकत आली, पदरानं चष्मा पुसला.
नग लिहिलेल्या चौकटीवर बोट ठेवलं.
"टाक. हजार."
कशाचे, मी विचारलं नाही.
कार्ड होतं तेव्हा रोजचे हजारच असायचे.
टाकले. सेव्ह.
त्र्याऐंशी डझन, एवढंच आलं.

आई स्क्रीनकडे बघत राहिली,
ओठातल्या ओठात तेलुगूत काहीतरी मोजलं.
"आणि वरचे चार?
छाटात काढले का ह्यानं?"

लाल काही आलं नव्हतं.
कन्सोल गप्प होता.
भागाकाराच्या त्या ओळीवर
मी ब्रेकपॉइंट लावला.